सात घरांची शिंक

मांजराच्या शिंकेला फारसा आवाज नसतो. मान झटक्यात खाली जाते, एक बारीक फुस्स होतं आणि मग ते स्वतःच चकित होऊन समोर बघत राहतं. बघणाऱ्याला हसू येतं. लहान मुलं तर ते पुन्हा कधी शिंकतं याची वाट बघत बसतात. पण एका शिंकेमागून दुसरी, तिसरी येऊ लागली, नाकाच्या शेंड्यावरचा थेंब घट्ट आणि पिवळसर होऊ लागला, एका डोळ्याची पापणी अर्धी मिटलेली राहू लागली, की मांजरांच्या सोबतीनं राहणाऱ्या माणसाच्या पोटात कालवतं.

आमच्याकडे हा ऋतू पावसाळ्याच्या तोंडाशी येतो. पिल्लं तशी वर्षभर होत असतात, पण संक्रांतीनंतर दिवस तिळातिळानं वाढत गेला की वाढत्या उजेडाला मांजरीचं शरीर साद देतं. फेब्रुवारीच्या रात्री बोक्यांच्या भांडणांनी जागत्या राहतात. पुढे नऊ आठवड्यांनी जिन्याखाली, माळ्यावर, बंद पडलेल्या स्कूटरच्या आडोशाला पिल्लं दिसू लागतात. वैशाखाच्या उन्हात ती आईच्या पोटाशी वाढतात आणि मृगाच्या सुमाराला आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण सरत येतं. हवा दमट होते, सगळी भावंडं एकाच कोरड्या कोपऱ्यात दाटीवाटीनं झोपू लागतात. मग एक शिंकतं. दोन-चार दिवसांत सगळीच शिंकू लागतात.

पुण्यातल्या आमच्या जुन्या इमारतीत ठिपकी नावाची एक मांजरी आहे. ती कुणाचीच नाही आणि सगळ्यांची आहे. मांजर पिल्लांना सात घरं दाखवतं असं म्हणतात, आणि ठिपकी ते मनापासून पाळते. मीटरच्या पेटीखाली जन्मलेली पिल्लं मानगुटीला धरून ती पहिल्या मजल्याच्या वळणावर नेते, तिथून गच्चीच्या दाराशी, तिथून पुन्हा खाली. एका जागी फार दिवस राहिलं की वास साठतो, आणि वासावरून बोका येतो, कुत्रा येतो, मुंग्या येतात. म्हणून ती जागा मोडते. तिच्या तोंडात लोंबकळणारं, पाय पोटाशी घेतलेलं पिल्लू बघताना मला नेहमी वाटतं, की आईपणाचं एवढं उघडं, एवढं सोपं रूप दुसरं नसेल.

आणि याच आईपणाच्या वाटेनं आजार येतो. ठिपकी स्वतः ठणठणीत दिसते. लहानपणी तिलाही कधीतरी ही सर्दी झाली असणार, ती बरी झाली, पण विषाणू तिच्या शरीरातून गेला नाही. बाळंतपण, पिल्लांना पाजणं, जागा बदलण्याची धावपळ या ताणानं तो जागा होतो. तिला फार तर एखाददुसरी शिंक येते. पण ती दिवसभर पिल्लांना चाटत असते. तिचं दूध त्यांना प्रतिकारशक्ती देतं आणि तिची जीभ त्यांना विषाणू देते. दोन्ही एकाच कुशीत, एकाच मायेनं दिलं जातं. जोवर दुधाचं संरक्षण वरचढ असतं तोवर काही होत नाही. ते ओसरलं की पिल्लू उघडं पडतं.

मांजरांच्या या सर्दीमागे बहुतेक वेळा दोन विषाणू असतात. एक कॅलिसी, जो १९५७ मध्ये न्यूझीलंडमध्ये वेगळा काढला गेला. दुसरा मांजरांचा हर्पिस, जो पुढच्याच वर्षी अमेरिकेत क्रँडेल आणि मॉरर यांना आजारी पिल्लांमध्ये सापडला. त्यांच्या जोडीला क्लॅमिडिया, बॉर्डेटेला, मायकोप्लाझ्मा हे जिवाणू येतात. कधी स्वतंत्रपणे, कधी विषाणूंनी मोडून ठेवलेल्या दारातून आत शिरून. नावं परकी आहेत, पण त्यांची करणी आपण गल्लोगल्ली बघत आलो आहोत. मासळी बाजाराच्या कडेला बसलेलं एकडोळं मांजर आठवा. भांडणात डोळा गेला असेल, असं आपण म्हणून टाकतो. पुष्कळदा तो भांडणात गेलेला नसतो. पिल्लाचे डोळे जन्मानंतर आठ-दहा दिवस मिटलेले असतात. त्या मिटल्या पापण्यांमागे संसर्ग झाला तर पू बाहेर यायला वाट नसते आणि जगाकडे एकदाही न बघता तो डोळा संपतो. हे समजल्यापासून मी अशा मांजराजवळून घाईनं जात नाही.

मांजराच्या नाकाची रचना एकदा डॉक्टरांच्या भिंतीवरच्या तक्त्यात बघितली आणि तिथंच थबकले. अळूवडीचा उंडा आडवा कापला की पानांच्या गुंडाळ्या दिसतात, तशी पातळ हाडांची गुंडाळ्यांवर गुंडाळी. त्यांच्यावर ओलसर, तलम अस्तर. श्वास त्यातून वळणं घेत जातो, कोमट होतो, आणि जाता जाता जगाची खबर ठेवून जातो. हर्पिसला शरीराच्या आतल्या उष्णतेपेक्षा नाकाचा थोडा गारवा मानवतो, म्हणून तो इथंच मुक्काम करतो आणि ते अस्तर सोलून काढतो. आजार जोराचा असेल तर खालचं हाडही झिजतं. मग ते मांजर जन्मभर सुरसुरत राहतं आणि घरचे म्हणतात, त्याला सर्दीची सवयच आहे. कॅलिसीचा रोख तोंडावर असतो. तो जिभेवर व्रण पाडतो. भुकेलं पिल्लू वाटीशी येतं, तोंड घालतं आणि चटका बसल्यासारखं मागे सरतं. क्वचित ते लंगडतंही. कुठून तरी पडलं असेल असं वाटतं, पण सांध्यांपर्यंत पोचलेला तो हाच विषाणू असतो.

ठिपकीच्या पिल्लांपैकी चिंगी आमच्या घरी आली ती अशाच अवस्थेत. डोळे चिपडांनी चिकटलेले, नाक चोंदलेलं, तोंड उघडं टाकून श्वास. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस पापण्यांवर धरायचा, चिपडं मऊ होऊ द्यायची, मग नाकाकडून बाहेरच्या कडेला हळूच पुसायचं आणि दुसऱ्या डोळ्याला नवा बोळा घ्यायचा. पहिल्यांदा डोळा उघडला तेव्हा आतून एक निळसर, गढूळ नजर बाहेर आली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणापासून ती आमची झाली.

खरी झुंज मात्र जेवणाची होती. मांजराला गोड चव कळत नाही. ती ओळखणारा जनुकच त्याच्यात निकामी आहे, हे २००५ मध्ये सिद्ध झालं. त्याचं जेवण बरंचसं वासावर चालतं. ज्याचा वास येत नाही ते अन्नच नाही, असा त्याचा ठाम निवाडा. म्हणून नाक चोंदलं की भरली वाटी समोर असूनही मांजर उपाशी राहतं. माणसाला एखादा उपास हलकं करतो, मांजराला तो घातक ठरतो. नुसते दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही, तर विशेषतः जाडजूड मांजराच्या यकृतात चरबी साचू लागते आणि सर्दीपेक्षा मोठं दुखणं उभं राहतं. पिल्लाच्या अंगात तर तेवढा साठाही नसतो.

न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ सोडून, दार लावून, मी चिंगीला मांडीवर घेऊन स्टुलावर बसत असे. आरशावर वाफ धरे, भिंती ओल्या होत, आणि हळूहळू तिच्या श्वासातली घरघर सैल पडे. बाहेर आल्या आल्या मऊ शिजवलेलं कोंबडीचं मांस, बिनमिठाचं, कांदा-लसूण न घातलेलं, बोटाला जेमतेम कोमट लागेल इतपत ऊन करून तिच्यासमोर धरायचं. तरी ती तोंड फिरवी. तेव्हा खालच्या मजल्यावरच्या, मालवणच्या काकू वर आल्या. त्यांच्या हातात धुऊन तव्यावर भाजलेल्या सुकटीची वाटी होती आणि तिचा वास त्यांच्याआधी दारातून आत आला होता.

‘‘हे चिमूटभर चुरून घाल वर. नाक बंद असलं तरी हा वास आत शिरल्याशिवाय राहायचा नाही,’’ त्या म्हणाल्या.

चिंगीनं मान वर केली. ओठ किंचित उघडून तिनं तो वास तोंडानं आत ओढून घेतला. मांजराच्या टाळूत वास घेणारं आणखी एक इंद्रिय असतं, त्याच्याकडे जाणारी ही वाट. मग तिनं जीभ लावली. आम्ही दोघी श्वास रोखून तिच्याकडे बघत राहिलो.

‘‘वाफेत निलगिरीचे दोन थेंब टाक की, पोरांना टाकतो तसे,’’ जाता जाता काकू म्हणाल्या.

‘‘नको हं काकू. डॉक्टरांनी बजावलंय. निलगिरी नको, कापूर नको, छातीला चोळायचं मलमही नको. मांजराला ते बाधतं.’’

काकूंनी मान डोलावली आणि त्या दिवसापासून आमच्या दाराशी धूप फिरवायचाही बंद केला. प्रेमानं केलेला उपाय मांजराच्या शरीरात कसा उलटतो, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं. मांजराच्या यकृतात काही रसायनांचा निचरा करणारी यंत्रणाच फार तोकडी असते. आपण तापाला सहज घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेते. हिरड्या काळपट-निळ्या पडतात, तोंड सुजतं. एक गोळी जीव घ्यायला पुरते. अंग तापलंय, बिचारं कण्हतंय, म्हणून कुणीतरी मायेनंच ती भरवतं. म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगायला हवं, दारोदार सांगायला हवं.

डॉक्टर मॅडमनी चिंगीला प्रतिजैविक दिलं ते विषाणूसाठी नव्हे, त्याच्या मागून आलेल्या जिवाणूंसाठी. डॉक्सिसायक्लीन दिल्यावर लगेच थोडं पाणी पाजायला सांगितलं, कारण ती गोळी घशाखाली अडकली तर अन्ननलिका जळते. हर्पिस फारच चिवट निघाला तर फॅमसायक्लोव्हिर आहे. पूर्वी लायसिनची पूड सर्रास देत. २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा तिचा उपयोग दिसला नाही. हे सगळं सांगून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, ‘‘आता ती बरी होईल. पण हे तिच्यात राहणार आहे, एवढं ध्यानात ठेवा.’’

हे राहणं म्हणजे काय, ते समजून घेताना मी या आजाराच्या गाभ्याशी पोचले. हर्पिस नाकातून हटतो तो चेहऱ्याच्या मोठ्या मज्जातंतूच्या मुळाशी जाऊन बसतो. तिथं तो काही करत नाही. शिंक नाही, ताप नाही. तपासणीतही तो सहसा हाती लागत नाही. संसर्ग झालेल्या दहापैकी आठ-एक मांजरं त्याला अशी आयुष्यभर वागवतात. माणसाच्या ओठाच्या कडेला जागरणानं, तापानं, परीक्षेच्या काळजीनं बारीक फोड येतात, त्यामागचा विषाणू याचाच भाऊबंद, आणि तोही याच मज्जातंतूच्या मुळाशी दडलेला असतो. कॅलिसीची तऱ्हा निराळी. तो घशाच्या गाठींमध्ये राहून सतत पाझरत असतो. आजार होऊन अडीच महिने उलटले तरी सुमारे निम्मी मांजरं तो बाहेर सोडत असतात आणि दिसायला अगदी निरोगी असतात.

बाळंतपणाचा ताण सोडला, तर दडलेल्या हर्पिसला जागं करणारी गोष्ट कोणती? थंडी नव्हे, भिजणंही नव्हे. भीती. नवं घर, अनोळखी पिंजरा, गावाला जाताना मांजर कुठंतरी ठेवून जाणं, घराचं रंगकाम, अचानक आणून सोडलेलं दुसरं मांजर. आणि ही जाग लगेच येत नाही. भीती आज बसते, विषाणू पाझरू लागतो तो साधारण आठवड्यानं, आणि मग आठवडा-दोन आठवडे पाझरत राहतो. मधल्या दिवसांत माणूस ती भीती विसरून गेलेला असतो.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या गल्लीत फटाक्यांच्या माळा लागतात. चिंगी कपाटावरच्या जुन्या वळकटीमागे जाऊन बसते. नुसते कान दिसतात, तेही पाठीमागे चपटे झालेले. भाऊबीज होते, आवाज थांबतात, फराळाचे डबे रिकामे होतात, घर पूर्ववत होतं. आणि तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला, अंगणात ऊस आणि चिंचा-आवळे मांडले जात असताना, चिंगी शिंकते. डावा डोळा पाणावतो. काकू म्हणतात, गारठा सुरू झालाय ना. गारठा असतोच. पण मला त्या शिंकेत दहा-बारा दिवसांपूर्वीचा सुतळी बॉम्ब ऐकू येतो. शरीर भीतीचा हिशोब विसरत नाही. ते तो उशिरा मांडतं एवढंच.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. २०१४ मध्ये कॅनडातल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निवाराघरात नव्यानं आलेल्या घाबरट मांजरांपैकी काहींना दिवसातून चार वेळा, दहा-दहा मिनिटं, हळुवार कुरवाळलं गेलं, त्यांच्याशी मऊ आवाजात बोललं गेलं. असं दहा दिवस. बाकीच्यांजवळ माणूस तेवढाच वेळ नुसता उभा राहिला. कुरवाळलेल्या मांजरांच्या शरीरात श्वासमार्गाचं रक्षण करणारी प्रतिपिंडं अधिक आढळली आणि त्यांच्यात सर्दीचं प्रमाण कमी राहिलं. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात दिसलं, की लपायला नुसतं एक खोकं मिळालं तरी नव्या जागी आलेली मांजरं लवकर स्थिरावतात. एक खोकं, एक हात, एक हळू आवाज. आपल्या आज्या आजारी नातवंडाच्या उशाशी बसून कपाळावरून हात फिरवत राहतात; त्या हाताचं काम शरीरातही मोजता येतं, याचा मला झालेला आनंद शब्दांत मावणार नाही.

मात्र हाच हात आजारही वाहून नेतो. मांजराची शिंक फार लांब जात नाही, एक-दोन मीटर. पुढचा प्रवास वाट्या, पांघरुणं, ओढणीचा पदर आणि आपली बोटं करतात. हर्पिस बाहेर दिवसभरही टिकत नाही. कॅलिसी आठवडाभर किंवा त्याहूनही जास्त टिकतो आणि अल्कोहोलच्या सॅनिटायझरला सहज दाद देत नाही. तिथं साबण, भरपूर पाणी आणि भांड्यांसाठी पातळ केलेलं ब्लीचच कामाला येतं. म्हणून जिन्यातल्या पिल्लांना जवळ घेतल्यावर मी आधी कोपरापर्यंत हात धुते, मग चिंगीकडे जाते. नवं मांजर घरात आणलं तर त्याला दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावं. ते निर्दयपणाचं नाही. प्रवासाच्या भीतीनं जागा होणारा विषाणू आठवड्यानं डोकं वर काढतो, तेवढा अवधी नव्या-जुन्या दोघांनाही हवा असतो.

लस आहे आणि ती द्यायलाच हवी. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. इतक्या वेळा का, असं लोक विचारतात. आईकडून आलेलं संरक्षण अंगात आहे तोवर लस नीट रुजत नाही, आणि ते नेमकं कधी सरेल ते प्रत्येक पिल्लागणिक वेगळं. म्हणून पुन्हा पुन्हा टोचायची, म्हणजे मधली उघडी वेळ लांबत नाही. ही लस संसर्ग पूर्ण थोपवत नाही, पण आजाराचे दात बोथट करते. जो डोळा गेला असता तो वाचतो.

‘हे आम्हाला होईल का?’ असं शेजारी विचारतात, आणि विचारणं रास्त आहे. मांजराचा हर्पिस आणि कॅलिसी माणसाला होत नाहीत. उलट २०२० मध्ये करोना माणसांकडून मांजरांकडे गेल्याच्या नोंदी अनेक देशांत झाल्या. बर्ड फ्लूचं प्रकरण वेगळं आणि गंभीर आहे. २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या त्यानं गेले, आणि पाठोपाठ छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्येही तो सापडला. तेव्हापासून कच्चं मांस आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही.

पण दाराआडच्या एका मांजराला जपून भागत नाही, हे मला जिन्यानं शिकवलं. ठिपकीच्या अंगावर कुणी वरून पाणी ओततं, मुलं तिच्या मागे काठी घेऊन धावतात, पिल्लं पोत्यात घालून दूर सोडून द्यायची भाषा होते. प्रत्येक वेळी ती घाबरते, जागा बदलते, आणि तिच्यातला विषाणू जागा होऊन पुढच्या वेताच्या नाकाडोळ्यांत उतरतो. ज्या आवारात मांजरांना हुसकलं जातं तिथं रोगराई कमी होत नाही, वाढते. शेपूट खाली घालून पळणारी मांजरी आपल्याबरोबर तो संसर्ग नव्या सात घरांत नेते.

म्हणून येत्या रविवारी सोसायटीच्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडणार आहे. ठिपकीचं आणि आवारातल्या इतर मांजरांचं नसबंदीचं ऑपरेशन आणि लसीकरण, वर्गणी काढून. गच्चीच्या दाराशी, पाऊस लागणार नाही अशा ठिकाणी, लपण्यापुरतं एक खोकं. आणि दिवाळीत फटाके मैदानावर, जिन्यापाशी नाहीत. काकूंनी अनुमोदन द्यायचं कबूल केलं आहे. कुणी म्हणेल, मांजरांसाठी एवढं? तर माझं उत्तर तयार आहे: एका जिवाच्या मनातली धास्ती कमी केली की त्याच्या पिल्लांचा श्वास मोकळा होतो, हे ज्ञान आपल्या हाती आलेलं आहे, आणि हाती आलेलं असताना ते न वापरणं मला माणूस म्हणून परवडणारं नाही.